कारध्याचे पाणी, जवाहरनगरची नाली

श्रावणात बहिणीकडे जायला कारध्याहून निघाले तेव्हा शेजारच्या सगुणाबाई अंगणात होत्या. मला पाहून त्यांनी पाठ फिरवली. आमच्या घरावर नवी टिने चढली आणि छपराचे पाणी त्यांच्या मातीच्या भिंतीवर पडू लागले. “टिन आपलं, जागा आपली,” असे आमचे हे म्हणाले. यांच्यापुढे काय, परक्यापुढेही मी कधी तोंड उघडत नसे. इतकी वर्षे एकमेकींच्या चुलीतला विस्तव नेणाऱ्या आम्ही, महिनाभर बोललो नव्हतो.

एस.टी.ने वैनगंगेचा पूल ओलांडला. नदी गढूळ, भरलेली. भंडाऱ्याला बस बदलायची होती. स्टँडजवळ एक दुकानदार दारापुढची नाली उपसून गाळ शेजारी लोटत होता.

“भाऊ, माझ्या दारात कायले?” शेजारी ओरडला.

“नियम आपापल्या दारापुरता हाये!”

जवाहरनगरला माझी धाकटी बहीण शांता क्वार्टरमध्ये राहते. तिथे साऱ्या ओळीची नाली एकच, आणि ती कोणी अडवायची नाही असा नियम. शांताने गरम आयते (तांदळाची धिरडी) वाढले. दुपारी पाऊस आला. एवढे पाणी वाया जाताना मला पाहवेना. धानाच्या बांधीत (खाचरात) घालतो तसा मी नालीत चिखलाचा धुरा (बांध) घातला आणि पाणी शांताच्या वांग्यांकडे वळवले. वांगी भिजली, आणि तुंबलेले पाणी नालीच्या वरच्या अंगाच्या क्वार्टरमध्ये शिरले.

तिथली बाई साडी खोचून दारात आली. “काकी, माझ्या खोलीत परे (भाताची रोपे) लावता काय?”

शांता हसत सुटली. मला रडू आले. धुरा मोडून मी त्या बाईची फरशी पुसायला गेले. भिंत खालून ओली झाली होती. हात लावला, गार लागली.

“राहू द्या ना काकी. तुम्ही आल्या, झालं.”

सगुणाबाईंच्या भिंतीला मी एकदाही हात लावला नव्हता.

परतताना भंडाऱ्यात टिनाची लांब पन्हाळ घेतली. कंडक्टर म्हणाला, “बाई, ही तोफ कुठं नेऊन राहिल्या?”

“छपराले,” मी म्हणाले. अनोळखी माणसाला उत्तर दिल्याचे माझे मलाच नवल वाटले.

घरी यांना म्हटले, “ही आजच लावा. पाणी आपल्या अंगणात पडू द्या.” यांनी पन्हाळ उचलली. मग मी माती भिजवली आणि घमेले घेऊन शेजारी गेले.

“कायले आली व?”

“भिंत पाहाले.”

सगुणाबाई दारातून बाजूला सरकल्या. कारध्यात पाण्याचा नियम कोणी लिहून ठेवलेला नाही. मी खाली बसून लिंपू लागले.

“माती पातळ भिजवली तू,” त्या म्हणाल्या, आणि पदर खोचून माझ्याशेजारी बसल्या.