निर्गुडी आणि आईचा गुडघा

आई विहारात वंदनेला गेली की मागच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसायची आणि घरी येऊन माझ्यावर चिडायची. "समद्या बाया सतरंजीवर अन् मी एकटी वर! तुझं औषध कवा येणार गं?"

औषध म्हणजे निर्गुडीच्या पानातलं एक द्रव्य. गुडघ्याच्या झिजेवर ते चालेल का, हे मी काम करते त्या प्रयोगशाळेत तपासतात. आईनं वर्षानुवर्षं निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून गुडघ्याला बांधलेला. त्यामुळं हे सगळं आपल्यासाठीच चाललंय, असं तिनं धरूनच ठेवलं होतं. त्या भरवशावर ऑपरेशन लांबवत होती. नवा गुडघा बसवला की जमिनीवर बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि तिला तर खालीच बसायचं होतं.

शेवटी मला सांगावंच लागलं. "आई, अजून काचेच्या बशीतल्या पेशींवरच चाललंय. माणसापर्यंत पोचायला लई वर्षं. पोचेल का, तेही माहीत नाय."

ती म्हणाली, "बरं. मग करते ऑपरेशन. पण माझा काढलेला गुडघा फेकू नका म्हणावं डॉक्टरांना. तुमाला लागतो ना?"

लागतोच. हाडांच्या टोकावर गुळगुळीत कूर्चा असते, तिच्या पेशी आम्ही वाढवतो. एरवी नमुना कुणाचा ते आम्हाला कळत नाही. हा कळला, कारण ऑपरेशनला गेलेल्या आईनं सगळ्या वॉर्डात दवंडी पिटली होती.

काही दिवसांनी सूक्ष्मदर्शकात डोकावले. बाई गं! या गुडघ्यावर ती चितेगावच्या कंपनीत जन्मभर उभी राहिली, मला कडेवर घेऊन गुलमंडीचा बाजार पालथा घातला. हाडाला हाड घासायला लागलं, आणि तरी उरल्यासुरल्या पेशी तिथं जिवंत होत्या, वाढत होत्या! सूज आणणारं रसायन घातलं, मग निर्गुडीचं द्रव्य, आणि सूज खरंच उतरली. बशीत उतरली म्हणून गुडघ्यात उतरेलच असं नाही, हे मीच पोरांना शिकवते. तरी मी आकडे तीनदा तपासले.

आईला फोनवर त्या पेशींचा फोटो दाखवला.

"ह्या माझ्या? जित्त्या?"

"व्हय."

रडू मला आलं, तिला नाही.

पौर्णिमेला तिला विहारात नेलं. ती खुर्चीतच बसली, आता कायमची. वंदना संपली, तशा सतरंजीवरच्या बाया गुडघे दाबत, एकमेकींचा हात धरत उठायला लागल्या. आई वरून म्हणाली, "जरा दम धरा गं बायांनो. माझा गुडघा कामाला लागलाय."