मंदारची मूळव्याध

"ताई, हे मलम लावल्यावर बाळाला अंगावर पाजलं तर चालतं का?"

काउंटरपलीकडून मंदारने विचारलं आणि ट्यूब माझ्या हातातच राहिली. कारण मूळव्याध त्याला होती. आठवडाभर मी तरी तसंच समजत होते.

मी तेव्हा जर्मनीतल्या बॉबलिंगेनमध्ये एका आपोथेकेत, म्हणजे औषधांच्या दुकानात, फार्मासिस्ट होते. साधारण २००६ साल. मंदार साताऱ्याचा, गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. पहिल्यांदा आला तो कानापर्यंत लाल होऊन. शौचाला त्रास होतो, रक्तही पडतं, म्हणाला. पुरुषमाणूस लाजतोय, कशाला खोदून विचारा, म्हणून मी मलम दिलं. दुसऱ्यांदा आला तेव्हा पोट साफ होत नाही म्हणाला. मी चांगल्या जोरदार रेचक गोळ्या दिल्या. आमच्याकडे गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न ठरलेला असतो : औषध कोणासाठी? तो मी दोन्ही वेळा विचारला नाही.

"कोण पाजतंय?" आता विचारलं.

तो भडाभडा बोलला. त्याची बायको मृणाल बाळंत होऊन बारा दिवस झाले होते. बाळंतपणात जोर देताना तिथल्या शिरा सुजतात आणि मूळव्याध होते. खूप जणींना होते, बहुतेकींची बरीही होते. पण मृणालला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. घरी तपासायला येणाऱ्या हेबामेला, म्हणजे सुईणीला, तिने सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. मला तर कळताच कामा नये, कारण मी गणपतीला सगळ्या मराठी बायकांना भेटणार. आणि मंदारचं जर्मन कच्चं, त्यामुळे औषधाला माझ्याकडेच यावं लागायचं. म्हणून त्याने दुखणं स्वतःच्या अंगावर घेतलं.

"अरे, आणि त्या गोळ्या?"

"तीच घेते. कालपासून बाळाला पाण्यासारखी शी होतेय. आज सकाळपासून शूने डायपर फारसा ओला नाही."

बारा दिवसांचं लेकरू! पाजणाऱ्या आईला त्या गोळ्या मी कधीच दिल्या नसत्या. आणि मीच दिल्या होत्या.

मी सरळ फ्राऊ क्लाइनना, माझ्या बॉसना, जाऊन सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. आधी त्यांनी मुलांच्या डॉक्टरांना फोन लावला. मग म्हणाल्या, "विचारलं का नाहीस?"

"तो लाजत होता."

"तो, की तू?"



डॉक्टरांनी बाळाला तासाभरात तपासलं. वजन उतरलं होतं, पण वेळेत आणलंत, म्हणाले. गोळ्या बंद झाल्या. संध्याकाळी हेबामे मृणालकडे गेली तेव्हा आणखी एक कळलं. साताऱ्याहून सासूबाई फोनवर सांगत, बाळंतिणीने पाणी बेताने प्यावं. म्हणून मृणाल दिवसाला चार घोट पाणी पीत होती. मग पोट कसं साफ होणार, कप्पाळ! भरपूर पाणी, फळं, कोमट पाण्यात बसणं आणि शौच मऊ करणारं साधं औषध, एवढ्यावर ती महिनाभरात बरी झाली. बाळ दोन दिवसांतच सावरलं. मी मात्र कितीतरी दिवस नीट जेवले नाही.

हिवाळ्यात मंदार पुन्हा आला. खोकल्याचं औषध हवं होतं. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "माझ्यासाठी. खरंच माझ्यासाठी."

मी त्याला आधी खोकून दाखवायला लावलं.