शनिवारच्या वाघमोडे बाई

शनिवारी मुलं घरी गेली की वाघमोडे बाई मोबाईल घेऊन माझ्या खिचडीच्या खोलीत यायच्या. मोबाईल तांदळाच्या पोत्याला टेकवून उभा करायच्या, पदर नीट करायच्या आणि पाटावर मांडी घालून बसायच्या. ऑफिसातलं वायफाय भिंतीपलीकडून तेवढ्या कोपऱ्यातच यायचं. मी या शाळेत खिचडी शिजवते, माझं शिक्षण चौथी. इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंचं माझ्याकडे काय काम, असं शिपाईसुद्धा मला विचारायचा.

मोबाईलमध्ये देशोदेशीचे शिक्षक जमलेले असायचे. सगळे इंग्रजी शिकवणारे, पण इंग्रजी कुणाच्याच घरात नाही. दर शनिवारी एकजण आपल्या वर्गातली अडचण मांडायचा आणि बाकीचे त्यावर बोलायचे. मला त्यातलं काही कळायचं नाही, म्हणून बाई नंतर सांगायच्या.

“ह्या बाई व्हिएतनामच्या. ह्यांच्या पोरी वर्गात तोंडच उघडत न्हाईत.”

“मग आपल्यासारखंच की.”

“तुमच्यासारखं म्हणा, महादेवीताई. सहा वर्षांत हेडसरांसमोर एक शब्द बोललाय का तुम्ही?”

खरंच होतं. हेडसर दिसले की मी पातेल्यात तोंड घालते. बाई हसायच्या आणि म्हणायच्या, “चुकीचं बोललेलं चालंल मला, गप्प बसलेलं न्हाय चालायचं.” वर्गातल्या मुलांनाही त्या हेच म्हणायच्या.

एका शनिवारी माझ्या हातून मोठी परात फरशीवर पडली. बाई तेव्हा बोलत होत्या, त्यामुळे आवाज पलीकडे गेला. मोबाईलमधल्या चौकटींतली माणसं दचकली, एकाने तर कानांवर हात ठेवले. परातीपासून दोन हातांवर बसलेल्या बाई मात्र बोलतच राहिल्या. मग पडद्यावरची तोंडं बघून थांबल्या आणि हळूच माझ्याकडे वळल्या.

चर्चा संपल्यावर म्हणाल्या, “कळलं न्हवं तुम्हाला?”

दोन वर्षांपासून त्यांचे कान जात होते. नस सुकत चालली आहे, मशीनने गोंगाट वाढेल पण शब्द कळणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. समोरच्याचे ओठ दिसले तर बाई बोलणं ओळखायच्या. माणसाने पाठ केली की संपलं. मोबाईलमध्ये मात्र कुणी बोललं की त्याचं बोलणं खाली लिहून येतं. “आठवड्यातला हा एकच तास मी शिक्षक असते,” त्या म्हणाल्या. “बाकी सगळा येळ चोरासारखा जातो.”

नऊ वर्षं त्या तात्पुरत्याच होत्या. लग्न केलेलं नव्हतं, सोलापुरात एका खोलीत एकट्या राहायच्या. त्या वर्षी संस्था त्यांना कायम करणार होती. त्याआधी संस्थेचे साहेब येऊन वर्ग बघणार होते. कानांचं कळलं असतं तर होती तीही नोकरी गेली असती आणि अकलूजला भावाच्या घरी जावं लागलं असतं. “तितं वहिनी मुद्दाम पाठ फिरवून बोलते,” बाई एकदा म्हणाल्या.

फळ्यावर लिहिताना वर्गाकडे पाठ होते, त्याचीच त्यांना भीती होती. मार्गही त्यांनीच काढला. मी पाण्याचा तांब्या घेऊन फळ्याजवळच्या दारात उभं राहायचं, आणि मागून कुणी बोललं की पदर डोक्यावर घ्यायचा. त्या डोळ्याच्या कोपऱ्यातून ते बघणार आणि वळणार. रिकाम्या वर्गात आम्ही चार दिवस हे करून बघितलं. मागच्या बाकावर ठेवलेली बाईंची पर्स म्हणजे साहेब.

“बोलायचं काहीच न्हाय तुम्हाला. एवढं जमंल की?”

“व्हय, बाई.”

साहेब आले. हेडसरांना घेऊन मागच्या बाकावर बसले. बाईंनी धडा असा रंगवला की साहेबही हसले. मग त्या फळ्याकडे वळल्या आणि लिहू लागल्या.

“मॅडम, एक मिनिट,” साहेब म्हणाले.

मी पदराला हात लावला. तेवढ्यात हेडसरांनी माझ्याकडे पाहिलं. ते बघतात म्हणून साहेबांनी पाहिलं, मग सगळ्या वर्गाने. कुणी रागावलं नाही, नुसतं पाहिलं. माझा हात खाली आला.

“मॅडम?”

मी तांब्यातल्या पाण्याकडे बघत राहिले. तिसऱ्या वेळी साहेब ओरडलेच. वर्गात चिडीचूप झालं, आणि त्यात बाईंचा खडू तेवढा चालत होता. त्यांचं अक्षर फार सुंदर होतं. मी दारातून मागे सरले आणि खिचडीच्या खोलीत निघून आले.

आठ दिवसांच्या आत त्यांना येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. त्या शनिवारी बाई शेवटचं आल्या. मोबाईलसमोर बसल्या, पण बोलल्या नाहीत. बोटांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. ते वाचता वाचता चौकटींतला एकेक माणूस हलायचा थांबला. व्हिएतनामच्या बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले.

“काय लिहिलं, बाई?”

“मला ऐकू येत न्हाय, हे लिहिलं. इतके दिवस त्यांनाबी फसवलंच की मी.” मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, “हेडसरांनी तुम्हाला दारातनं हाकललं असंल. कळतं मला. मनाला लावून घेऊ नका.”

मी मान हलवली. हो म्हणून हलवली.

सामान सकाळीच अकलूजला गेलं होतं. बाईंनी मोबाईल पर्समध्ये टाकला, चपला घातल्या आणि निघाल्या. फाटकापर्यंत मी चार पावलं मागे ठेवून चालत होते.

“बाई, मला कुणी न्हाय हाकललं. मीच गेले,” मी म्हणाले. चांगलं मोठ्याने म्हणाले, फाटकावरच्या शिपायाने वळून पाहिलं. माझा एवढा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. समोर जाऊन म्हटलं असतं तर बाईंनी ओठांवरून ओळखलं असतं. म्हणूनच मी मागून म्हणाले.

रिक्षात बसल्यावर त्यांनी मला हसून हात केला.