जावयाचा आहेर, सासूचे पंख

रविवार, अधिक महिन्यातला दुसरा. ठिकाण, धाराशिवचं आमचं घर. हजर: मी, माझा नवरा, गेल्या वर्षी लग्न झालेली आमची मुलगी, तिचा नवरा म्हणजे आमचे जावई, आणि माझी थोरली नणंद. ती बोलावल्याशिवाय येत नाही आणि आली की लवकर जात नाही. शिवाय जावयांच्या फोनमध्ये त्यांचे तीन मित्र होते. त्यांना जेवायला वाढावं लागलं नाही, म्हणून त्यांची हजेरी वेगळी.

निमित्त धोंड्याच्या जेवणाचं. अधिक महिन्यात लेक-जावयाला घरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खाऊ घालायचे आणि ताटात तेहतीस अनारसे, दिवा आणि कपडे ठेवून जावयाला वाण द्यायचं. मी कॉलेजच्या ऑफिसात परीक्षा विभाग सांभाळते. दरवर्षी एवढ्या पोरांना आपापल्या बाकावर बसवते, तर एका जावयाला पाटावर बसवणं काय अवघड? तूप, गूळ, चांदीचा दिवा, यादीतल्या सगळ्यावर खुणा झाल्या होत्या. राहिले होते फक्त जावयांचे कपडे.

मुरुमला त्यांचं पाइप आणि ठिबकचं दुकान आहे. आवडीचा रंग विचारायला मी फोन केला, तर ते घुटमळले आणि फोन मुलीनं घेतला.

"आई, त्यांना कापड नको. लग्नातले सफारीचे सहा पीस कपाटात तसेच पडलेत. त्यांना गेममधला ड्रेस पाहिजे."

गेम कसला, तर विमानातून उडी मारायची, बंदूक शोधायची आणि समोर येईल त्याला गोळी घालायची. रोज जेवण झाल्यावर जावई आणि त्यांचे मित्र हाच उद्योग करतात. त्यात आपल्या बाहुल्याला कपडे विकत घेता येतात, तेही खऱ्या पैशानं. जो माणूस दुकानात बिनइस्त्रीच्या शर्टात बसतो, त्याला बाहुल्यासाठी सोनेरी चिलखत हवं होतं. खांद्यावर वाघाचं तोंड, पाठीला मोराचे पंख. किंमत चांगल्या सफारीची, शिलाईसकट.

माझ्या नवऱ्यानं स्पीकरवरूनच चौकशी केली. "त्यानं गोळी लागत न्हाय का?"

"लागती की, मामा," जावई म्हणाले.

"मग उपयोग काय?"

"भारी दिसतं."

नवऱ्याला एवढं कारण पुरलं. स्वतःच्या लग्नात उन्हाळ्यात तो कोट घालून बसला होता.

माझीही हरकत नव्हती. कपाटात सातवा सफारी पीस पाठवण्यापेक्षा हे बरं. अडचण होती ती मुरुमच्या विहीणबाईंची. सुनेच्या माहेरून जे येतं ते त्या ओसरीत बाजेवर मांडतात आणि गल्लीतल्या बायांना बोलावतात. थोरल्या सुनेच्या माहेरचं आणि आमचं, शेजारी-शेजारी. निकाल कुणी बोलून दाखवत नाही, पण तो लागतो, आणि आमच्या मुलीला वर्षभर त्याच घरात वावरायचं असतं. "बाजेवर काय तरी दिसलं पाहिजे, आई," एवढंच ती म्हणाली. जावई म्हणाले, फोन ठेवू बाजेवर, बायांना मी दाखवतो. मुलीला ते पटलं आणि मी काम हातात घेतलं.

चिलखताची ऑफर रविवारी दुपारी बारापर्यंत होती. सकाळीच मी माझ्या फोनवर तो गेम घेतला. बाहुला बाई की बाप्या, असं गेमनं विचारलं, मी बाई म्हटलं. दुकान उघडलं, चिलखत सापडलं. खाली दोन बटणं होती, एक घ्यायचं आणि एक भेट पाठवायचं. भेटीच्या बटणावर माझं बोट गेलंही होतं. पण नणंदबाई शेजारी तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"परस्पर पाठवता व्हय? वैनी, आहेर दुकानातून थेट पाव्हण्याच्या घरी जातो का कुठं? आधी आपल्या घरात यावा लागतो. देवापुढं ठेवायचा, हळदकुंकू लावायचं, मग हातात द्यायचा."

यात चूक काय होती? लुगडं असो की टोपी, आमच्याकडं असंच चालतं. दुकानातून परस्पर गेला तर त्याला पार्सल म्हणतात, आहेर नव्हे. मी घ्यायचं बटण दाबलं. पैसे गेले, चिलखत आमच्या घरात आलं. माल नीट आहे की नाही, फाटका-डागाळलेला तर नाही, हे बघायला मी ते त्या बाईला घालूनही पाहिलं. छान बसलं. मग फोन देवापुढं ठेवला आणि त्याच्या पाठीवर कुंकवाचं बोट लावलं.

बारानंतर ताट मांडलं. जावई पाटावर, शेजारी मुलगी. अनारसे, दिवा आणि मधोमध माझा फोन. औक्षण झालं. जावयांनी फोन उचलला आणि पडद्यावर बोट फिरवून बघितलं. त्यांच्या फोनमधून मित्र विचारत होते, आलं का, आलं का.

"मामी," ते हळूच म्हणाले, "हे तर तुमच्याच अंगावर हाय."

"मग घ्या की काढून," नणंदबाई म्हणाल्या.

"निघतं, पण दुसऱ्याला जात न्हाय. ज्यानं घेतलं त्याचंच."

नणंदबाईंना हे काही केल्या पटेना. त्यांच्या घरी एक ब्लाउजपीस आहे, तो किती घरं फिरून आला हे त्यांनाही आठवत नाही. मध्यंतरी तो माझ्याकडंही येऊन गेला. दिलेला आहेर पुढं सरकवता येत नाही, असं या जिल्ह्यात पहिल्यांदाच घडत होतं. नवरा म्हणाला, मग दुसरा घेऊ. पण ऑफर संपली होती आणि ते चिलखत दुकानातून गायब झालं होतं. मित्र एव्हाना हसत होते. त्यातला एक म्हणाला, मामींना आपल्या टीममधे घे. जावयांनी त्याचा आवाज बंद केला.

मुलगी हसत नव्हती. ती अनारसे मोजून डब्यात भरायला लागली, कारण तिच्या दृष्टीनं आता बाजेवर मांडायला तेवढेच होते. मी म्हटलं, उद्या बाजार उघडला की कापड घेऊ. ती म्हणाली, "सातवा पीस? त्यांच्या आईनंच मोजून ठेवलेत."

तेवढ्यात विहीणबाईंचा व्हिडिओ कॉल आला. धोंड्याच्या दिवशी तो यायचाच. जावई काहीतरी गोलगोल बोलायला लागले, तेव्हा मुलीनं त्यांच्या हातातून फोन घेतला.

"आत्या, आहेर आला, पण चुकून माझ्या आईच्या अंगावर गेला. आता परत येत न्हाय."

विहीणबाईंनी दाखव म्हटलं. जावयांनी माझा फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा लावला.

"ह्या इहीणबाई व्हय?"

"व्हय."

"बऱ्या दिसत्यात. पाठीला काय हाय?"

"मोराचे पंख," मी म्हटलं.

"दिसंनात."

मी घाईनं फोन हातात घेतला आणि काहीतरी दाबलं. माझी बाई गुडघ्यावर बसली. परत दाबलं, तर तिनं बंदूक विहीणबाईंवर रोखली. विहीणबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी थोरल्या सुनेच्या आईचा दाखला दिला. तिनं जरीचं लुगडं आणलं होतं तेव्हा ओसरीत फिरून काठ आणि पदर दाखवला होता. वस्तू भारी असली तरी मागून-पुढून बघितल्याशिवाय बाया मानत नाहीत. मग त्यांनी हुकूम सोडला.

"गुरुवारी तुमीच या फोन घेऊन. मी बाया बोलावते. पर पंख मागून दावायचे. आन् पोरानं दावायचं न्हाय, ज्याच्या अंगावर हाय त्यानं."

मुलीनं फोन ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. "येशील न्हवं?"

"येते," मी म्हटलं. डब्यात भरलेले अनारसे तिनं पुन्हा ताटात मांडले आणि एक खाल्ला.

सोमवारी ते दोघं मुरुमला गेले. तेव्हापासून ऑफिसातून आले की मी सराव करते. जावयांना फोन केला की ते गिऱ्हाइकाला पाइप मोजून देता देता सांगतात, "डाव्या अंगठ्यानं चाला मामी, उजव्यानं वळा." मी वळायला जाते आणि कुणीतरी मला गोळी घालतं. नवरा शेजारी बसून प्रत्येक मरणाची बातमी देतो. नणंदबाई अजून इथंच आहेत. त्यांचं मत असं की पंख जड असतील.

आज बुधवार. उद्याची रजा टाकली आहे. मुरुमच्या एसटीची वेळ पाहून ठेवली आहे. विहीणबाईंसाठी खण, चार्जर, चष्म्याचं घर पिशवीत गेलं. माझ्या बाईला आता चालता येतं, बसता येतं, काल तिनं भिंतीवरून उडीसुद्धा मारली. पाठ करून उभं राहायचं तेवढं अजून राहिलंय.