बदामाची मधली दोन झाडं

पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या आमच्या बिल्डिंगच्या मागे भिंतीलगत बदामाच्या झाडांची रांग होती. बिल्डरने एकदमच लावलेली, म्हणून सगळी सारख्याच उंचीची. खाली भरदुपारीही गारवा. बाबा रत्नागिरीहून माझ्याकडे राहायला आले, तेव्हा त्यांचं मन इथे रमलं ते या झाडांच्या पाचोळ्यात. रोज सकाळी खाली उतरायचे, पानं गोळा करून मधल्या दोन झाडांखाली ढीग करायचे, काठीने खालीवर करायचे. पावसात साचवलेल्या ढिगाची होळीपर्यंत काळी, भुसभुशीत माती व्हायची.

"अंकल, कुंडी के लिए मिट्टी है क्या?" शेजारणी विचारायच्या.

"आहे ना, ले जाव, ले जाव!" हे बाबांचं हिंदी. वर येताना स्वारी एकदम खुशीत.

मग डॉक्टर म्हणाले, यांची हाडं ठिसूळ झालीत, सकाळचं ऊन मिळायला हवं. मी सोसायटीची सेक्रेटरी. एकदा मनावर घेतलं की काम तडीला नेल्याशिवाय मला चैन पडत नाही. अर्ज केले, फेऱ्या मारल्या, मधली दोन झाडं तोडायची परवानगी काढली.

"मधली दोन नको गं तोडूस, बाय," बाबा म्हणाले. "ढिगावरची सावली जाईल."

"सावली जावी म्हणूनच तर तोडायची, बाबा!"

ऐकेल ती मी कसली.

पाऊस संपता संपता झाडं गेली. छान ऊन आलं. मी तिथे खुर्चीसुद्धा ठेवली. पण उन्हाने ढिगाची ओल गेली. पानं पापडासारखी कडकडीत झाली, वाऱ्याने पार्किंगमध्ये उडायला लागली. बाबांनी बादल्या ओतून पाहिल्या. दुपारपर्यंत पुन्हा सगळं कोरडं. होळी गेली, मे उजाडला, पानं शिरा-देठांसकट जशीच्या तशी. कुजायचं नावच नाही. माती मागायला येणाऱ्या बायकाही यायच्या थांबल्या.

आणि एक दिवस बाबांनी खाली उतरणंच सोडलं. गुडघे दुखतात म्हणाले. गुडघे तर आधीही दुखत होते. ते खाली जायचे ते उन्हासाठी नाही आणि सावलीसाठीही नाही, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मला फक्त डॉक्टरांचं वाक्य ऐकू आलं, बापाचं नाही.

गेल्या रविवारी राहवलं नाही. त्यांच्याजवळ बसून म्हटलं, "बाबा, चुकलंच माझं."

"छे गं बाय," ते खिडकीतून खाली रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाले. "ऊन छान येतंय आता. इथून दिसतं ना मला."