मोगलाईत चालणारा रुपया

नोकरीतली पुष्कळ प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र वेगळे राहिले, आणि आठवले की अजून थोडे अस्वस्थ वाटते. या प्रकरणात एक माणूस सोडला तर सगळे खरे बोलत होते, आणि मी त्या सगळ्यांवर संशय घेत होतो. नावे लिहीत नाही. त्यांतल्या काहींची मुलेबाळे अजून त्याच रस्त्यावर राहतात.

मी तेव्हा जळगावच्या ठाण्यात नवखा फौजदार होतो. इंग्रजी शाळेत शिकलेला, बोलायला संकोची. चार माणसांत मी गप्प बसे आणि पाहत राही. आमचे जमादार वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे. ते म्हणत, "साहेब, तुम्ही बघा. विचारायचं मी बघतो." बहुतेक वेळा तसेच चाले.

निजामाचे राज्य जळगावपासून फार लांब नव्हते. अजिंठ्याच्या रस्त्याने मोटार निघाली की काही तासांत हद्द येई. आमचे लोक पलीकडच्या मुलखाला मोगलाई म्हणत. माणसे आपल्यासारखीच, पिकेही तीच. पण हद्द ओलांडली की पोलीस निराळे, कचेरीची भाषा निराळी आणि नाणेही निराळे. आमचा रुपया तो कलदार, त्यांचा तो हाली. हालीवर चारमिनारचे चित्र असे. हद्दीवरच्या नाक्यावर कलदार पुढे केला तर तिथला कारकून स्वतःच्या मनाचा भाव लावी. म्हणून लेणी पाहायला आलेला परदेशी साहेब असो की सोयरिकीला निघालेला शेतकरी, जळगाव स्टेशनवर उतरला की तो आधी हाली करून घेई आणि मगच मोटारीत बसे.

हाली देण्याचे काम स्टेशनरोडवरचे एक नाना करीत. त्यांचा मूळ धंदा हिंगाचा. हिंगाचे डबे रिकामे झाले की त्यांत ते हाली रुपये ठेवीत. त्या दुकानासमोरून जाताना बायका नाकाला पदर लावीत आणि परत येताना हिंग घेऊन जात.

एके दिवशी सकाळी ठाण्यात एक वयस्क गृहस्थ आले. धोतर स्वच्छ, बोलणे मऊ. हद्दीअलीकडच्या शेवटच्या गावात, मोटार थांबते तिथे, त्यांचे पानाचे दुकान होते. लोक त्यांना आबा म्हणत. त्यांनी सांगितले की जळगावहून येणाऱ्या उतारूंजवळ खोटे हाली निघतात, आदल्या दिवशीच एकाला नाक्यावर धरले आहे, आणि हे रुपये स्टेशनरोडवरच्या हिंगाच्या दुकानातून येतात.

"माझं त्यात काही नाही, साहेब," ते म्हणाले. "पण गरीब माणसं माझ्या डोळ्यांसमोर अडकतात. बघवत नाही."

बातमी मी स्टेशन डायरीत लिहून घेतली. बातमी देणारा सहसा काहीतरी मागतो: बक्षीस, नाहीतर शेजाऱ्याचा काटा काढून हवा असतो, नाहीतर निदान फौजदाराची ओळख. आबांनी चहासुद्धा घेतला नाही. जमादारांना ते फार आवडले. मला ते खटकले. पण खटकणे म्हणजे पुरावा नव्हे.

त्याच दिवशी दुपारी, धरलेल्या माणसाची बायको ठाण्याच्या पायरीवर येऊन बसली. धुळ्याकडच्या एका खेड्यातली, चाळिशीची बाई. शिपाई तिला अक्का म्हणू लागले. तिच्या मुलीची सोयरीक मोगलाईत ठरली होती. नवराबायको सुपारी फोडायला निघाले होते. नाक्यावर नवऱ्याच्या कशात खोटे रुपये सापडले. कसा म्हणजे कमरेला बांधायची कापडी पिशवी. त्याला तिथल्या कोठडीत टाकले. येत्या बाजाराच्या दिवशी त्याला औरंगाबादच्या कोर्टात नेणार होते. तिथे शाबीत झाले असते तर काही वर्षांची सजा होती, आणि सोयरीक तर मोडल्यातच जमा होती.

मी तिला विचारले, रुपये घेताना पाहून घेतले नव्हते का?

"भाऊ, मना मालक खोटा माणूस नही शे," ती म्हणाली. "बठ्ठा रुपया दगडवर वाजाडीसन लिधा व्हतात."

एकेक रुपया दगडावर वाजवून घेतला होता, असे तिचे म्हणणे. म्हणजे एकतर ती खोटे बोलत होती, किंवा नवऱ्याने तिला फसवले होते, किंवा नानांचे खोटे रुपयेही खऱ्यासारखे वाजत होते. तिन्ही शक्यता मी मनात धरून ठेवल्या.

पंच घेऊन आम्ही नानांच्या दुकानाची झडती घेतली. बाहेर गर्दी जमली. नाना तक्क्याला टेकून बसले होते. घाबरलेले दिसत होते, पण तोंड चालू होते.

"डबे खुशाल पालथे करा, फौजदारसाहेब. झाकणं तेवढी घट्ट लावा. वास उडाला की माझा माल गेला."

लोक हसले. जमादार हसले नाहीत. त्यांनी डबे जमिनीवर उलटे केले, एकेक नाणे पाहिले. खोटा रुपया एकही मिळाला नाही. जमादारांचे मत असे की बातमी आधीच फुटली आणि माल हलवला गेला. चौकशी पुरी होईपर्यंत दुकानाला मोहोर लागली. मोहोर लावताना नाना एवढेच म्हणाले, "उघडाल तेव्हा गिऱ्हाईक परत आणून द्याल का?"

त्या संध्याकाळी मी नेहमीच्या खाणावळीत जेवायला बसलो. हात दोनदा धुतले होते, तरी खाणावळवाला वाढता वाढता थांबला आणि म्हणाला, "साहेब, वरण आमचं आहे, फोडणी तुम्ही घेऊन आलात वाटतं." मी हात हुंगला. हिंगाचा वास तसाच होता. तेव्हा मी त्याकडे लक्ष दिले नाही.

वरिष्ठांची परवानगी घेऊन मी आणि जमादार नाक्यावर गेलो. अक्कालाही बरोबर घेतले. हाली देणारे दुकान आम्हीच बंद केलेले, त्यामुळे माझ्या खिशात फक्त कलदार होते. नाक्यासमोर चहा घेतला तर चहावाल्याने नाणे उलटसुलट पाहिले आणि कारकुनाकडून बदलून आणायला सांगितले. कारकुनाने लावलेला भाव ऐकून जमादारांचा चेहरा पडला. तिथले अमीन, म्हणजे त्यांच्याकडचे फौजदार, हे सगळे खिडकीतून पाहत होते. ते हसून म्हणाले, "आता कळलं ना, तुमची माणसं आधी जळगावात का बदलून घेतात?"

अमीन सज्जन होते, पण त्यांनाही माझ्यावर भरवसा नव्हता. त्यांना वाटत होते, मी आपल्या हद्दीतल्या माणसाला सोडवायला आलो आहे. आरोपीशी मी बोललो तेव्हा ते शेजारीच बसून राहिले.

आरोपी उंच, सावकाश बोलणारा शेतकरी होता. प्रत्येक उत्तराआधी तो बायकोकडे पाही. मला ते आवडले नाही. मी विचारले की जळगावहून निघाल्यावर रुपयांना दुसऱ्या कोणी हात लावला का. तो म्हणाला, कोणीच नाही. कसा कमरेला होता आणि त्यावर धोतराचा घोळ. पुन्हा विचारले, तेच उत्तर.

मग अमिनांनी मुद्देमाल काढला. खोटे रुपये नाक्यावरच वेगळे करून कागदात बांधलेले. खरे रुपये कशातच होते. कसा सोडला आणि मला खाणावळ आठवली. कशाच्या कापडाला हिंगाचा वास होता. त्यातल्या खऱ्या रुपयांनाही होता. मी कागदाची पुडी उघडून खोटे रुपये नाकाशी नेले. हिंग नव्हता. कात आणि तंबाखू यांचा उग्र वास मात्र होता.

मी त्यांतले एक नाणे जमादारांच्या पुढे धरले, मग अमिनांच्या. दोघांनीही हुंगून पाहिले. हे रुपये नानांच्या डब्यातून आलेले नव्हते. वाटेत कुठेतरी कशात शिरले होते. आणि आरोपी तर शपथेवर सांगत होता की कोणी हात लावला नाही.

मी अक्काकडे वळलो. दगडावर वाजवून घेतले म्हणालात, ते कुठे? नानांच्या दुकानात?

ती माझ्याकडे अशी पाहू लागली, जणू एवढेही याला कळत नाही.

"दुकानमा कसाले? हद्दना गावले. त्या पानवाला आबानी वाजाडी दिधात. पैसा बी नही लिधा त्यानी."

मी तिच्या नवऱ्याला विचारले, मग हे आधी का नाही सांगितलेस? तो खरोखर गोंधळला. म्हणाला, तुम्ही हात लावणारा विचारला होता. आबांनी तर पारख करून दिली. वडीलधारा माणूस पारख करून देतो, त्याला हात लावणे कसे म्हणायचे? त्याच्या लेखी आबा त्या हिशेबात बसतच नव्हते. तेव्हा मी त्याच्यावरचा संशय सोडला. असले उत्तर ठरवून देता येत नाही.

पुढचे काम जमादारांनी केले. नानांच्या डब्यातले रुपये पंचांसमक्ष एका कशात घालून, मुंडासे बांधून, वरपित्यासारखे ते मोटारीतून निघाले. मी पंचांबरोबर मागच्या बाकावर साध्या कपड्यांत, तोंडाला उपरणे गुंडाळून बसलो. हद्दीच्या गावात मोटार थांबली. आबांनी जमादारांना ओळखले नाही. ठाण्यात त्यांनी टोपीपट्टा पाहिला होता, चेहरा पाहिला नव्हता.

"मोगलाईत निघालात का, भाऊ?" आबांनी विचारले. "पैसे कुठून घेतले? स्टेशनवरून? मग एकदा वाजवून घ्या बरं. परक्या मुलखात आपलं कोणी नसतं."

जमादारांनी कसा सोडून सगळे रुपये त्यांच्यापुढे ओतले. आबा एकेक रुपया उचलून दगडावर टाकीत आणि आवाज ऐकून मान हलवीत. प्रत्येक रुपया खणखणीत वाजत होता. मी मोटारीतून त्यांचे हात पाहत होतो, तरी मला काही दिसले नाही. उतारू रुपयाचा आवाज ऐकत. वाजलेलाच रुपया कशात गेला की दुसरा, हे पाहायचे कोणाच्या मनात येत नसे. जमादारांनी कसा बांधला, पुन्हा सोडला, आणि त्यात तीन रुपये खोटे निघाले. मी पंचांना हाक मारली.

पानाच्या पेटीत, काताच्या डब्याखाली, खरे हाली होते. आबा शांत होते. म्हणाले, माझे स्वतःचे आहेत, विक्रीचे. मी म्हटले, हुंगून पाहा. त्यांनी एक रुपया नाकाशी धरला, पुन्हा धरला, आणि माझ्याकडे पाहिले.

"तंबाखूचं नाक माझं, साहेब. मला कसलाच वास येत नाही."

पंचांपैकी एकाने पेटीवर वाकून पाहिले आणि चटकन तोंड फिरवले. दुसरा हळूच म्हणाला, "हिंग." आबांनी सगळ्यांचे चेहरे पाहिले. त्यांना येत नसलेला वास बाकीच्यांना येत होता, हे त्यांना तेव्हा कळले. ते दुकानाच्या फळीवर बसले.

जबाबात त्यांनी बहुतेक सगळे सांगितले. खोटी नाणी ओतून देणारा दुसऱ्या गावचा होता. त्याचे प्रकरण पुढे वेगळे चालले. नाक्यावर माणूस धरला गेल्यावर चौकशी आपल्यापर्यंत येईल या भीतीने त्यांनी आधीच ठाण्यात येऊन नानांचे नाव पुढे केले होते. जबाबावर अंगठा देताना ते एक वाक्य बोलले. ते मला नोकरीभर पुरले.

"मी कोणाच्या कशाला हात घालायला गेलो नाही, साहेब. लोकच सोडून माझ्यापुढे ओतायचे."

तसेच होते ते. परक्या मुलखात शिरणारा माणूस आधीच भ्यालेला असतो. त्याला कोणी सांगितले की मागचा माणूस चोर होता, तर तो सांगणाऱ्याला जवळचा समजतो. मीही ठाण्यात बसून त्याच वाटेने निघालो होतो. त्यानंतर कोणी माझ्या मनात दुसऱ्याविषयी शंका घातली, की मी ऐकून घेई, लिहून घेई, आणि बोलणाऱ्याचे हात कुठे आहेत ते पाही. या सवयीने मला पुष्कळ प्रकरणांत मदत केली. घरच्या माणसांना तिचा जाचही झाला.

बाजाराच्या दिवसाआधी अमिनांनी शेतकऱ्याला सोडले. व्याही नाक्यावर न्यायला आले होते. सुपारी त्याच दिवशी फुटली. नानांचे दुकान आम्ही उघडून दिले. गर्दी काही परत आली नाही. मोहोर लागताना सगळ्यांनी पाहिली होती, निघताना कोणी पाहिली नाही. पुढे कित्येक महिने उतारू त्या दुकानाकडे बोट दाखवून पलीकडच्या फुटपाथने जात. मी मुद्दाम गणवेशात तिथे जाऊन हिंग विकत घेई. त्याचा काही उपयोग झाला असे वाटत नाही.

सुपारी उरकून परतताना ती नवराबायको उरलेले हाली मोडायला त्याच दुकानात आली. मी आत बसलो होतो. नवरा उंबऱ्याबाहेरच थांबला. अक्का आत आली, रुपये दिले, डब्यातून काढलेले कलदार घेतले. नानांनी दगड तिच्यापुढे सरकवला. तिने तो बाजूला केला. एकेक रुपया नाकाशी नेऊन हुंगला आणि पदराच्या गाठीत टाकला. मोहोर लागल्यापासून नाना पहिल्यांदा हसले.

शेवटचा रुपया तिने माझ्या नाकापुढे धरला.

"ल्या भाऊ, तुम्ही बी दखा."

मी हुंगला आणि ठीक आहे म्हणून हात पुढे केला. तिने रुपया माझ्या हातात दिला नाही. दोन बोटांत घट्ट धरूनच मागे घेतला, आणि गाठ बांधली.