पिस्टनवरची काजळी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. सांगायचं टाळत आलो, असं म्हणणंसुद्धा थोडं सौम्यच होईल. कारण मी गप्प बसलो नव्हतो, मी दुसरंच काहीतरी सांगत होतो. गाडीची गोष्ट मी शंभर वेळा सांगितली असेल. लोक विचारतात, मी सांगतो. सुकलाल मिस्त्रींचा डोळा कसा गेला तेही सांगतो, आणि ‘नेमकं त्याच दिवशी इंजिन उघडं होतं हो, नशीब’ या वाक्यावर नेहमी थांबतो. समोरचा हळहळतो. मीही हळहळतो.

ते वाक्य खोटं आहे. पण थांबा. मला ते असं एकदम सांगता येत नाही. गाडीपासूनच यावं लागेल.

गाडी सुरतेहून आली. तिथल्या एका गिरणीतला गोरा साहेब कायमचा मायदेशी निघाला होता, त्याच्याकडून मी घेतली. दोन माणसांची, लांब नाकाची, हिरवी, छप्पर कापडाचं, चाकांना सायकलीसारख्या तारा. तापीच्या अलीकडच्या काठाला आमची कापसाची आणि केळीची शेती. गुजर पाटलाच्या घरात बैल, गाड्या, फार तर जीप — ही असली गाडी कशाला? वडील जे बोलले ते लिहीत नाही. बायको म्हणाली, बसायची जागा दोघांची, एक तुम्ही, दुसरे मिस्त्री, मग मला कशाला दाखवता? ती हसत म्हणाली, पण म्हणाली ते खरंच होतं.

सुकलाल मिस्त्री आमच्या गावचे लोहार. ऐन हंगामात नंदुरबारच्या कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्रं दुरुस्त करायला जायचे, एरवी गावात नांगर आणि बैलगाडीच्या चाकांच्या लोखंडी धावा. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. मोटार त्यांनी कधी खोलली नव्हती. पहिल्या दिवशी त्यांनी बॉनेट उघडलं, लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून उभे राहिले. किती वेळ — मला ते अजून दिसतं. मळ्यातल्या शेडमध्ये कौलांच्या फटीतून ऊन येतंय, त्या उन्हात कापसाचे तंतू तरंगताहेत, आणि एक माणूस यंत्राचं पोट ऐकतोय. मग म्हणाले, तिसऱ्या नंबरच्या सिलिंडरला दम लागतो हिला.

तो माणूस ऐकत असे. मला वाटतं, सगळ्यात आधी हे तुम्हाला कळायला हवं.

पुढची तीन-चार वर्षं आम्ही दोघांनी ती गाडी हळूहळू आपली करून घेतली. अंगाच्या आतला लाकडी सांगाडा कुजला होता, तो सातपुड्यातल्या सागाचा केला. आमच्या काळ्या मातीच्या रस्त्यांत पोट घासायचं, म्हणून मिस्त्रींनी स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये एकेक पाटा वाढवून ती दोन बोटं उचलली. बॉनेटच्या बाजूंना गरम वारा बाहेर पडायला त्यांनी फटी पाडल्या — हाताने, छन्नीने, एकेक फट मापून. हवा जिथून आत जाते तिथे कापसाची धूळ अडवायला मलमलीची दुहेरी टोपी शिवली, ती मात्र माझ्या बायकोने. मी या गाडीबरोबर जगत होतो. पहाटे जाग आली की पहिला विचार तिचा. हे प्रेम होतं का? तेव्हा मला तसंच वाटे.

मग पिस्टनच्या नव्या रिंगा आल्या. मुंबईला पत्र पाठवून सात महिने झाल्यावर त्या लाकडी खोक्यात, तेलकट कागदात गुंडाळून आल्या. आम्ही इंजिन खोललं. मिस्त्रींनी पिस्टन रॉकेलमध्ये धुतले, राखेने घासले, पार चांदीच्या वाट्यांसारखे लखलखीत केले, रिंगा चढवल्या आणि एकेक पिस्टन आपापल्या सिलिंडरमध्ये उतरवला. वरचं झाकण, म्हणजे हेड, बसवायचं बाकी राहिलं. तेवढ्यात त्यांना जिनिंगमधून बोलावणं आलं. जाताना त्यांनी शेडच्या भिंतीवर खडूने हेडच्या नटांचं चित्र काढलं, कुठला आधी आवळायचा, कुठला नंतर, असे आकडे घातले. मला शिकवायला म्हणून. आणि फळीवर एक नारळ ठेवला. इंजिन पहिल्यांदा चालू करायचं ते दोघांनी मिळून, नारळ फोडून. हे ठरलं होतं. मी ‘हो’ म्हटलं होतं.

नव्या रिंगांना पहिले पाचशे मैल जपायचं असतं. तीस मैलांच्या वर वेग नाही, ओझं नाही, इंजिन तापू द्यायचं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा. तिच्याआड मी फार वर्षं लपलो आहे.

मिस्त्री गेले आणि चौथ्या दिवशी माझ्याच्याने राहवेना. खडूचे आकडे पाहत मी हेड बसवलं. हँडल मारलं. तिसऱ्या फेरीला ती बोलली.

तो आवाज मी कसा सांगू? आधी खोकल्यासारखं, मग एकसारखं, मग जणू कुणी दुसऱ्या खोलीत गुणगुणतंय. मी एकट्याने ती ऐकली. आणि पुढचे तीन दिवस मळ्यातून नदीपर्यंतच्या गाडीवाटेवर मी ती रोज हळूहळू फिरवली. दिवाळी होऊन गेलेली. दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस, पुढे केळीची बाग, बागेच्या पलीकडे तापीचं रुंद, संथ पाणी. माणूस नाही, काणूस नाही. तीस मैलांनीसुद्धा मला वाटे की चाकं जमिनीला टेकतच नाहीत. मळा गावापासून दीड कोसावर, त्यामुळे गावात कुणाला पत्ता नाही. मी स्वतःला सांगत होतो — मिस्त्री आले की हेड पुन्हा सैल करून ठेवू, त्यांच्यासमोर नव्याने बसवू, काय बिघडतं? लहान मुलासारखं. पण मी लहान नव्हतो. चौतीस वर्षांचा होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी नदीवरून परत आलो, गाडी शेडमध्ये घातली, दार लावलं. हातपाय धुवायला निघालो, तोच बैलगाडी आली. लिंबाखाली थांबली. मिस्त्रींची बायको, केसरबाई, उतरून जवळजवळ पळतच माझ्याकडे आल्या.

मिस्त्री आदल्या संध्याकाळीच गावात परतले होते, हे मला तेव्हा कळलं. सकाळपासून ऐरणीपाशी बसून ते माझ्या गाडीच्या सायलेन्सरचा पट्टा करत होते. छन्नीवर घाव घातला आणि छन्नीच्या डोक्याची कपची उडाली — सरळ उजव्या डोळ्यात. ते बैलगाडीतच बसले होते, तोंडावर ओलं फडकं, मान खाली.

केसरबाईंनी विचारलं, “भाऊ, गाडी चालू व्हयनी का? यास्ना डोयामा लोखंड गयं.”

त्यांनी सरळ विचारलं. त्याचं उत्तर एका अक्षरात देता येत होतं. चिंचपाड्याला मिशनचं मोठं हॉस्पिटल, तिथे न्यायचं होतं. दुपारची पॅसेंजर निघून गेलेली, पुढची दुसऱ्या दिवशी सकाळी. माझ्या गाडीने तीस मैलांच्या वर न जातासुद्धा दिवस मावळायच्या आत पोचलो असतो. रिंगांना काही झालं नसतं. मला हे तेव्हाही माहीत होतं.

मी शेडच्या बंद दारापुढे उभा होतो. आणि आतून आवाज येत होता. तापलेलं इंजिन निवायला लागलं की धातू आकसतो, टिक् टिक् करतो — थांबून थांबून, घड्याळ बिघडल्यासारखा. केसरबाईंना त्याचा अर्थ कळणार नव्हता. पण गाडीत वीस पावलांवर बसलेल्या त्या माणसाला कळला असता. मी पुढे झालो, मुद्दाम मोठ्याने बोलू लागलो.

मी म्हणालो, नाही. अजून उघडीच आहे.

तेव्हा मिस्त्री गाडीतूनच बायकोला म्हणाले, “मी सांगं ना तुले? इंजिन उघडं शे. मीच उघाडेल शे. त्या काय करतीन?”

माझ्या खोट्याची ग्वाही त्यांनी दिली.

मी का म्हणालो तसं? कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगितलं — रिंगा. सात महिने वाट पाहिलेल्या रिंगा, दोघांच्या जागेत तीन माणसांचं ओझं, खाचखळग्यांचा रस्ता. हे कारणसुद्धा लाजिरवाणंच आहे, पण खरं कारण याहून लहान आहे. मला लाज वाटली. मी त्यांच्यावाचून इंजिन चालू केलं होतं, आणि दार उघडलं असतं तर त्यांना ते कळलं असतं. बस. एवढंच. एवढ्यासाठी.

मी मळ्यातल्या खोलीतून घोंगडी आणून दिली. वारा लागू नये म्हणून. केसरबाई म्हणाल्या, देव तुमचं भलं करो. बैलगाडी वळली तेव्हा पाहिलं, इतका वेळ बैल माझ्याच टायरांच्या खुणांवर उभे होते.

आणि मग मी काय केलं? आत गेलो, दार लावून घेतलं आणि हेड उघडायला बसलो. कुणी आलं, कुणी पाहिलं तर इंजिन उघडंच दिसायला हवं. गरम हेड कधी उघडू नये, ते वाकतं, हे मिस्त्रींनीच मला शिकवलं होतं. पण मला थांबवेना. नट इतके तापले होते की बोटं भाजली. भिंतीवरचे खडूचे आकडे मी उलटे मोजत गेलो. दिवस मावळला तेव्हा माझं बोलणं खरं झालेलं होतं.

ते दोघं रात्रभर नंदुरबार स्टेशनवर बसले, सकाळच्या पॅसेंजरने चिंचपाड्याला पोचले. डोळा काढावा लागला. आदल्या दिवशी आला असतात तर प्रयत्न तरी केला असता, असं तिथे कुणीतरी म्हणालं. हे मला केसरबाईंनीच सांगितलं, तक्रार म्हणून नाही — हकिगत म्हणून.

तीनेक आठवड्यांनी मिस्त्री मळ्यात आले. डोळ्यावर हिरवी पट्टी, अंग वाळलेलं. चहा झाला, जिनिंगच्या गप्पा झाल्या, मग म्हणाले, चला, ती तशीच उघडी पडून आहे ना. मी काही बोलायच्या आत ते शेडमध्ये गेले, पिस्टनवर टाकलेलं फडकं उचललं आणि वाकले.

मी पुसायला विसरलो होतो.

चांदीच्या वाट्यांसारखे ठेवून गेलेले ते चारही पिस्टन वरून काळे होते. काजळी. पातळ, मऊ, सगळीकडे सारखी. इंजिन चालल्याशिवाय ती बसत नाही. हे मला माहीत, मग त्यांना माहीत नसेल? मिस्त्रींनी एका पिस्टनवरून बोट फिरवलं. बोट त्या एका डोळ्यासमोर धरलं, थोडं लांब, मग जवळ — अंतराचा अंदाज अजून येत नव्हता त्यांना. मी बाजूला उभा. बाहेर केळीची पानं हलत होती, तो आवाज मला स्पष्ट आठवतो.

त्यांनी रॉकेलचा बोळा घेतला आणि एकेक पिस्टन पुसला. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. पुन्हा लखलखीत होईपर्यंत. मग हेड बसवलं, भिंतीकडे न पाहता नट आवळले. फळीवरचा नारळ काढला, कानाजवळ हलवून पाहिला, आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाले,

“रमणभाई, आज पहिल्यांदाच चालू व्हई ऱ्हायनी ना?”

तो प्रश्न होता. खरं सांगायला त्यांनी मला वाट करून दिली होती, मी तेवढ्या वाटेनं यावं म्हणून. आता, इतक्या वर्षांनी, मला त्यात शंका नाही.

मी म्हणालो, “हो.”

त्यांनी नारळ फोडला. पाणी रेडिएटरवर शिंपडलं, मला खोबऱ्याचा तुकडा दिला. मी हँडल मारलं. ते पेचकस कानाला लावून उभे राहिले, डोळा मिटून, पहिल्या दिवशीसारखे. म्हणाले, चांगलं बोलते. मी खोबरं चावत होतो.

गाडी पुढे सात-आठ वर्षं माझ्याकडे होती. तिच्या हेडच्या मागच्या कोपऱ्यातून पाण्याचा एक थेंब नेहमी झिरपायचा. गरम उघडल्यामुळे हेड किंचित वाकलं होतं. मिस्त्रींना ते सपाट घासता आलं असतं. दर वेळी ते तो थेंब बोटाने पुसत आणि म्हणत, राहू द्या. माझ्याशी ते पूर्वीसारखेच वागले. कमी नाही, जास्त नाही. फक्त त्यानंतर ते कधी माझ्या शेजारच्या जागेवर बसले नाहीत. मी म्हणायचो, चला नदीपर्यंत. ते म्हणायचे, वारा लागतो डोळ्याला.

मी त्यांच्या दुकानात अनेकदा गेलो. एकदा दोन तास बसलो, नांगराचा फाळ घेतला आणि परत आलो. ते अखेरचे आजारी होते तेव्हाही गेलो. खाटेजवळ केसरबाई होत्या, मुलगा होता. मी मिस्त्रींचा हात हातात घेतला. त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं, आणि मान जरा तिरकी केली, ऐकायला करत तशी. मी म्हणालो, यंदा केळी चांगली आहे.

म्हणायचं होतं ते एवढंच होतं — मिस्त्री, गाडी चालू झाली होती. तुम्ही लिंबाखाली बसला होतात तेव्हा ती आत गरम उभी होती, मी खोटं बोललो, माझं चुकलं.